पूर्णविरामाची परवानगी

योव्हिलमध्ये, हॅंगरच्या माळ्यावर
मी एक खिडकी बांधते आहे, पडद्यावरची.
तिच्यात 'तपासा' लिहिलं की खाली यादी उघडते:
झडप, पातं, सील, तेल.
यादीबाहेरचं अक्षर दाबलंत
तर कळ खाली जाते, बाकी काही होत नाही.

भाषा इंग्रजीच, पण पथ्यावर ठेवलेली.
नऊशे शब्द. एकाला एकच अर्थ.
'बहुधा' नाही, 'जरासं' नाही.
वाक्य पुरं होईतो पूर्णविरामाची कळ राखाडी.
हेलिकॉप्टर उघडून बसलेल्या माणसाला
दोन अर्थ परवडत नाहीत, हे मला पटतं.

(मराठीत करायला घेतलं असतं तर?
क्रियापद शेवटी, तोवर यादीनं श्वास धरून बसायचं.
आणि 'लागणे'चं काय?
ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो,
दूध खाली लागतं, माणूस नादी लागतो.
पहिल्याच आठवड्यात मी राजीनामा दिला असता.)

चाचणीला टेरेन्स व्हिकरी आला.
चाळीस वर्षं गिअरबॉक्स, दोन बोटांनी टायपिंग.
त्याला लिहायचं होतं:
आवाज राइट वाटला नाही तर थांबा.
माझ्या कोशात 'राइट' म्हणजे उजवा.
खिडकीनं नम्रपणे विचारलं: उजवी झडप? उजवं पातं?
तो हसला नाही.
"मग पोरांना हे सांगणार कोण?" म्हणाला,
आणि चहा तसाच ठेवून गेला.

कोण कुठल्या शब्दापाशी अडलं, याची नोंद राहते.
रात्री उघडून पाहिली.
'आवाज' या शब्दापुढे
अकरा मिनिटं नुसता कर्सर.
मी 'राइट'ला दुसरा अर्थ देऊ लागले,
मग तिसरा आठवला, चौथा,
आणि सगळे खोडले.

शुक्रवारी तो परत आला, न बोलावता.
कोट न काढता बसला.
एकेक शब्द यादीतूनच उचलत गेला,
भाजीवाल्याकडे वांगी निवडावीत तसा:

इंजिन सुरू करा.
पाच मिनिटं कशालाही हात लावू नका.
ऐका.

'ऐका' मी कोशात कधी घातलं होतं, कशासाठी,
आठवेना. हेडफोनच्या सूचनेसाठी असावं.

पूर्णविराम काळा झाला.
टेरेन्सनं तो दाबला, जरा जोरातच.