बिनभिंतीची

पहाटे बाबा अंगाला शियाचं लोणी चोळायचे:
बोटांच्या बेचक्यांत, काखेत, कानांमागे,
नखांच्या कडांना तर दोनदा.
एवढीशी फट राहिली ना, सितान,
तर तळं आत येतं.
मग छातीपर्यंत गुलाबी पाण्यात, सात तास.
काठीनं तळ फोडायचा, टोपलीनं मीठ उपसायचं,
होडी काठाला लागेस्तोवर बुडायला आलेली.
मुकादम हाक मारायचा: त्येमोको, माली, चौदा टोपल्या.
मालीचा माणूस सेनेगलच्या मिठाला जागत होता.

आता मी डाकारला, दुसऱ्या मजल्यावर,
बाबांच्या तळ्याचा एक थेंब काचपट्टीवर.
वर पातळ काच, कलती सोडलेली,
बुडबुडा न धरता, मादाम दियात्तांनी शिकवली तशी.
चाळीसच्या भिंगाखाली
तू.

काजूच्या बोंडासारखी,
निमुळत्या टोकाला दोन चाबूक, सतत वळवळते.
एक लाल ठिपका: उजेड कुठून येतो
तेवढं कळण्यापुरता डोळा.
आणि आत एकच हिरवी वाटी,
अर्धा देह तिनंच व्यापलेला.
तिच्यात ऊन पडतं,
पाणी फुटतं, हवेतला कार्बन धरला जातो,
साखर होते. प्राणवायू सुटतो,
त्याची टोपली कुणी मोजत नाही.

उन्हाचं अजीर्ण होऊ नये म्हणून
हिरव्यात शेंदरी तेलाचे थेंब साठवलेस,
दुपारी काठावरच्या बायका
डोक्याचं फडकं कपाळावर ओढतात तसे.
पर्यटक त्या रंगाचे फोटो काढायचे.
तुमच्या छत्र्या होत्या त्या, कोट्यवधी.

तुला भिंत नाही.
मक्याला आहे, कांद्याला आहे,
पुस्तकातल्या वनस्पतीला दुहेरी रेघ असते.
पहिल्या वर्षी मी तुझ्याभोवतीही काढली दुहेरी,
मादामनी न बोलता खोडरबर पुढे केलं.
फक्त एक पापुद्रा, स्निग्धाचे दोन पदर,
त्यांत दारं, दारांत हमाल.
सोडियम घुसतं. हमाल त्याला बाहेर ढकलतात,
दिवसरात्र, पदरची ताकद खर्चून.
पाणी मात्र कुणाला विचारत नाही,
जिकडे दाट तिकडे निघतं.
इतक्या खाऱ्यात तुझ्या जिवाचं पाणी
एव्हाना बाहेर पडून जायला हवं होतं.
पण तू आत ग्लिसरॉल करून ठेवतेस,
गोडसर, चिकट, भरपूर,
पाण्याला थांबावंसं वाटेल इतकं.

बाबांना हे फोनवर सांगितलं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, म्हणजे तीपण लोणी लावते.
आतून.

त्या वर्षी पूर आला.
उपनगरांचं पाणी गटारांसकट तळ्यात उतरलं,
काठावरचे मिठाचे ढीग, नावांच्या पाट्यांसकट, विरघळले.
तळं मातकट झालं. होड्या उपड्या.
मी जुन्या बाटलीतला थेंब घेतला,
काचेच्या एका कडेला गोडं पाणी सोडलं,
दुसऱ्या कडेला टीपकागद धरला.
बोंडाची गोळी झाली.
चाबूक मंदावले.
काहीजणी फुटल्या, आवाज न करता,
हिरवं नुसतंच पसरलं.
एक फुगली आणि थांबली.
आतला गोडवा ती पुन्हा पिठात बांधत असणार,
ते भिंगातून दिसत नाही, पुस्तकात आहे.
मी वहीत वेळ लिहिली: अकरा वीस.
अकरा बावन्नला चाबूक हलला.

बाबा आता रूफिस्कला भिंती रचतात.
विटा, सिमेंट, दुहेरी थर.
पहाटे हात अजून डबा शोधतात, म्हणाले,
रिकाम्यातच बोट फिरवतो.

आज तुझी आकृती काढली, एकाच रेघेत,
पेन्सिल न उचलता.
शेवटी टोकं जुळली नाहीत,
एवढीशी फट राहिली.
खोडरबर मादामच्या टेबलावर होतं.
मी उठले नाही.