डावी नळी

वीस ऑगस्टला दुपारी बाराला
बदकांचा मोसम उघडायचा.
साडेअकरापासून आम्ही होडीत, लव्हाळ्यांच्या आड,
बाबांच्या मांडीवर दुनळी,
माझ्या मांडीवर त्यांचं घड्याळ.
बोलायचं नाही. शिंकायचं नाही.
डास चावला तर चावू द्यायचा.

बंदूक एलिस आजोबांची.
एक वासरू आणि दोन पिंपं डांबर देऊन घेतलेली.
आजी म्हणायची, वासरू जास्त गुणी होतं.
एका हिवाळ्यात दस्ता चिरला,
त्याला तांब्याच्या तारेचे सात वेढे.
नेम धरला की तार गालाला गार लागे,
आणि घरी आई वळ बघूनच ओळखायची
आज वल्हं कुणाच्या हातात होतं, बंदूक कुणाच्या.

उजवी नळी शब्दाची पक्की.
डावी लहरी.
घोडा पडे, टक्, बस एवढंच,
आणि बदक हौकिलाम्पीचं पाणी झटकत
पार बर्चच्या पल्याड.
बाबा शिवी हासडत नसत.
टोपी मागे सारून म्हणत,
"हे आजोबांनी सोडलं."

वहीत दोन रकाने होते:
आपण मारलेली, आजोबांनी सोडलेली.
१९७४ साली आजोबा पुढे होते.

माझं पहिलं बदक हाल्लीने पोहत आणलं
आणि सवयीनं बाबांच्या पायाशी ठेवलं.
बाबांनी ते पुन्हा त्याच्या तोंडात दिलं,
माझ्याकडे बोट केलं.
मान अजून ऊन होती.
मी रडले की नाही ते आठवत नाही,
रात्री रस्सा दोनदा घेतला ते आठवतं,
दाताखाली आलेला छर्रा
ताटलीच्या काठावर ठेवला, तो टिंग आवाजही.

बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला.
चौकीतल्या बाईंनी कागदावर लिहिलं,
'डावी नळी नादुरुस्त.'
म्हणाल्या, कुओपिओत चांगला कारागीर आहे, दाखवून घ्या.
हो म्हणाले.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

यंदा होडीत आयलीचा नातू होता, इल्मो,
मोबाइलवर बारा वाजायची वाट बघत.
उजवी वाजली, वर गेली, हुकली.
डावी, टक्.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी टोपी मागे सारली. "हे आजोबांनी सोडलं."

"कुठल्या आजोबांनी?"

खरंच की.
आता तिकडे दोघं आहेत.