खालून पाहिलेले पूल

सुकती लागली तसे निघालो,
चांगा वैतींच्या होडीतून, कळव्याच्या पुलाखाली.
माझ्याजवळ हातोडी, विजेरी, खडू
आणि चौदा रकान्यांचा सरकारी तक्ता.
त्यांच्याजवळ वल्हं. तंबाखू.

काम सोपं : ठोकायचं, ऐकायचं.
काँक्रीट धड असेल तर म्हणतं ठण्ण.
आतून सुटलं असेल तर भद.
भद आला की खडूने गोल करायचा
आणि होडी पुढे घ्या म्हणायचं.

कॉलेजात पूल शिकले ते असे :
तुळईचा वाकतो, पण कबूल करत नाही.
कमानीचा दाबावर जगतो,
ओझं वाढेल तसे दगड एकमेकांना घट्ट धरतात.
झुलत्याचं सगळं ओढीवर,
दोन्ही काठांना कोणीतरी दोर धरून ठेवावा लागतो, जन्मभर.
वाशीच्या पहिल्या पुलाच्या पोटातल्या तारा
खाऱ्या हवेने आतल्या आत खाल्ल्या,
हे शिकवताना सर खिडकीबाहेर बघत.
साकव मात्र प्रश्नपत्रिकेत कधी आला नाही.
मामाच्या गावी दोन पोफळी आडव्या टाकल्या की झाला.
पुरात गेला तर लोक म्हणत,
गेला तर गेला, पोफळी आहेत.

तिसऱ्या खांबाशी हे सगळं मी चांगांना सांगितलं.
ते म्हणाले, "माझे तीन परकार.
येक, ज्याच्यावरशी नारल परतात.
दोन, ज्याच्यावरशी पिशव्या परतात."
तिसरा सांगितला नाही.
वल्हं पाण्यात तसंच धरून
वर कठड्याकडे बघत राहिले.
मी चौथा खांब ठोकला. ठण्ण.

शेजारी जुना दगडी पूल,
भरतीच्या रेघेपर्यंत कालवं चिकटलेली,
वरून आता गाडी जात नाही.
तो माझ्या तक्त्यात नव्हता. तरी ठोकला.
ठण्ण नाही, भद नाही,
दगडाने हातोडी नुसती परत केली.

"आमच्या खापरपंज्याची तर व्हती हतं.
ह्यो पूल जाला तवा लोक बोलले, इक.
त्यानं इकली नाय.
अंगनात पालथी घातली, खाली कोंबऱ्या ठेवल्या."
"आणि ते पुलावरून जायचे?"
"नाय."
"कधीच नाही?"
"येकदा. चौघांच्या खांद्यावरशी."

वरून बस गेली.
सांध्यातून मूठभर धूळ, एक तिकीट होडीत पडलं.
चांगांनी मान वर केली :
"ही फट बुजवायची ऱ्हायली का?"
मुद्दाम ठेवलीय, मी म्हटलं. उन्हात पूल वाढतो.
जागा दिली नाही तर स्वतःलाच फोडेल.
"किती वारतो?"
मी दोन बोटं दाखवली.
त्यांनी आपली दोन बोटं जोडली
आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.
घरचं काही असावं. मी विचारलं नाही.

नवव्या खांबाला अकरा गोल झाले.
तक्त्यात 'शेरा' हा रकाना बोटभर रुंद,
त्यात भद मावत नाही,
म्हणून मी लिहिते : पुढील तपासणी आवश्यक.

तोवर पाणी फिरलं होतं.
खालचे दोन गोल भरतीने पुसले.
काठ जवळ आला तेव्हा चांगांनी हात पुढे केला,
हातोडी घेतली,
आणि आपलीच होडी ठोकायला बसले,
नाळेपासून, फळी फळी करत,
कान लाकडाला लावून.

वऱ्यापाशी येऊन थांबले.
पुन्हा ठोकलं. पुन्हा.
"खडू द्या," म्हणाले.

तो त्यांनी परत दिला नाही.