तक्रार क्रमांक एकेचाळीस

फोंड्याच्या वीज खात्यात
रात्रपाळीला एक टेबल, दोन फोन,
एक रजिस्टर. तारीख, गाव, खांब क्रमांक, कारण,
शेवटी वीज परत आल्याची वेळ.
तो रकाना मी पेन्सिलीने भरते.
साहेब ओरडतात. ओरडोत.

छप्पन्न पूर्ण. निवृत्तीला चार वर्षं,
आणि कादंबरीची नऊ पानं उरलीत.
नऊच उरलीत असं मी सात वर्षं म्हणतेय.

सुरुवात केली तेव्हा सासूचं औषधपाणी संपलं होतं,
मुलगा पुण्याला गेला होता,
घरात अचानक इतकी जागा झाली
की रगड्याशेजारी एक स्टूल मावलं.
नवरा म्हणाला, आता हे काय नवीन?
म्हटलं, जुनंच आहे. आत्ता बाहेर काढलंय.

दिवसभर माझ्या तोंडात कोंकणी,
पगाराच्या कागदांत इंग्रजी,
आणि वहीत मराठी,
देवळातल्या पुराणात कानावर पडलेली,
घडी न मोडलेल्या लुगड्यासारखी.
लिहिताना जड पडते. निऱ्या बसत नाहीत.
बसवते. सुटतात.

रात्री फोन येतात.
बाय, लायट गेली.
मडकईला तारेवर चुडत पडलंय.
सावईवेऱ्याला वानर चिकटून मेलाय.
लग्नघरी वाटप अर्धं, मिक्सर बंद.
मी गाव लिहिते, खांब लिहिते,
उल्हास गावडे शिडी घेऊन निघतो,
मग कोपराखालची वही पुढे ओढते.
अडीच ओळी. फोन.
अर्धी ओळ. फोन.
माझ्या नायिकेनं गेल्या मार्चपासून
एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवलाय.
बधिर झाला असेल बिचारीचा.

परवा, दोन चाळीसला, आग्नेल मास्तर.
शिरोडा, खांब बावीस. वय त्र्याऐंशी, घरी एकटे.
केन्ना येतली गो, बाय?
माणूस निघालाय मास्तर, तास लागेल.
आता ठेवतील म्हटलं, तर नाही ठेवला.
पलीकडे नुसता काळोख, श्वास घेणारा.
मग विचारलं, रात्रभर करतेस काय तू तिथं?

का कोण जाणे, खरं सांगितलं.
ऑफिसात सगळ्यांना वाटतं
शेटकर बाय भिशीचा हिशेब लिहिते.
वाच मग, म्हणाले. तास आहे ना.

वाचलं. सरकारी फोनवर,
चोरट्या आवाजात, उंबऱ्यापर्यंतचं सगळं.
मध्ये दुसरा फोन वाजला. वाजू दिला.
(बेतोड्याच्या त्या माणसाची माफी मागते.
त्याची तक्रार चार मिनिटं उशिरा लागली.)
मास्तर एकदाच बोलले:
विहीर खळखळत नाही, ओढा खळखळतो.
मी शब्द खोडला.

उंबऱ्यावर थांबले.
फुडें कितें जालें?
माहीत नाही, मास्तर.
तेवढ्यात तिकडून पंख्याची घरघर आली.
आयली, म्हणाले, जरा नाखुशीनं,
आणि ठेवला.

एकेचाळीस. शिरोडा. कारण: फ्यूज. परत: तीन छत्तीस.
उजाडताना उल्हास आला, मनगटभर मुंग्या चावलेल्या,
पिशवीत गरम पोया.
म्हणाला, बाय, आज रडलीस की काय?
म्हटलं, ट्यूबलाइट लुकलुकते, डोळ्यांना त्रास होतो.
वीज खात्यातच ट्यूब बदलायला माणूस नाही,
यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

आज मात्र सगळं शांत. एकही फीडर गेलेला नाही.
अशी रात्र अर्ज करूनही मिळत नाही,
आणि मी वही मिटून
फोनकडे बघत बसलेय.
साडेबारा. दोन. दोन चाळीस.
खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईनं
असं मनात आणू नये,
पण खांब बावीस...

नको.
वही उघडते.
तिलाच विचारते,
पाय कसा आहे गं?