वायर आखूड आहे

उद्यमनगरात, लेथच्या कारखान्यावर माझी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
खिडकीत गोधडी कोंबलीय,
तरी खालचा लेथ वर येतोच,
प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी
बारीक घरघर करत बसतो,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

झुंबर आवळे आले साडेअकराला.
दाराशी चपला काढल्या
आणि चपलांपाशीच बसले.
"आत या की, मामा."
"हितंच बरं हाय. कातडं हाय हातात."
अशा वेळेसाठी मी काहीतरी ठरवून ठेवलं होतं,
चांगलं, टाळ्या पडतील असं.
ते आठवलंच नाही.
म्हणाले, "वायर आखूड आहे."
मग ते उठून आत आले.

त्यांना वायरीचं कारण पटलं.
मला अजून पटलेलं नाही.

हलगी शेकायला विस्तव पाहिजे.
माझ्याकडे हीट गन, डागकामाची.
तिचा गरम वारा त्यांनी कडेनं फिरवला,
बोट मारून बघितलं, कान लावला.
"गोड बोलालीया," म्हणाले,
"खरं बोलंना."
खाली इलाही मिस्त्रींनी
ऑइलच्या फुटक्या डब्यात
सुताचे बोळे पेटवून दिले, वर एक पोतं.
धूर जिन्यानं वर आला,
हलगीच्या आधी.

मशीनचं म्हणणं, एकशे बारा.
कानात टिक, टिक.
दोन आवर्तनं मामा निमूट चालले त्या रेघेवरनं,
मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
"हे घड्याळ घे गा तुझं.
पैलवान काय घड्याळ बघून फिरतोय?
पटाला हात गेला की आपण वाढवायचं."
आणि डोळे मिटून
समोरच्या रिकाम्या फरशीवर
दोन अंगं झोंबवली त्यांनी.
मला ती दिसली नाहीत.
पण माती उडाली तेव्हा मी मागं सरकले.

नंतर तीन रात्री
मी मशीनला त्यांच्यामागं चालायला शिकवत होते,
एकेक उभी रेघ ओढून,
ते जिथं थांबले तिथं थांबवून,
उसळले तिथं ढकलून.
बारा हजारांचं सॉफ्टवेअर,
हप्ता अजून चालू,
पोरासारखं धापा टाकत होतं.

पारव्वा आली ती गडहिंग्लजच्या बसनं.
बगलेत चौंडकं, कपाळभर भंडारा.
तार ताणली, सोडली:
स्क्रीनवरची हिरवी रेघ
गाईनं मान वळवावी तशी वळली.
तसाच वळणारा सूर मी आठवडाभर
सिंथवर शोधत होते, बटणं पिळून.
"ह्यो कुठनं काढलास?"
माझा सूर ऐकून तिनं विचारलं.
"हवेतनं," मी म्हणाले.
"मग माझाबी तितनंच," ती म्हणाली,
आणि दोन वेगवेगळ्या हवा
एकाच स्पीकरमधून बाहेर पडू लागल्या,
थोड्या खरखरत.

तेवढ्यात लाईट गेली.
लेथ थांबला.
पहिल्यांदाच खोली इतकी स्वच्छ,
आणि त्या स्वच्छतेत फक्त यूपीएसची पिपाणी:
पीं... पीं... पीं...
मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं.
मग त्या पीं-पींच्या मधल्या फटीत
टिपरी घातली.
पारव्वा हसली, तिनं तार घातली.
लॅपटॉप बॅटरीवर होता. चालू होता.
मी काहीच केलं नाही.
हात मांडीवर ठेवून बसले,
तेवढंच माझं त्यात वाजवणं.

परवा इलाही मिस्त्री वर आले.
"आमचा लेथ आलाय म्हणं तुमच्या गाण्यात?"
आलाय म्हटलं. काढला नाही.
काळ्या हातांनी हेडफोन लावला,
हलगी ऐकली, मान हलली,
चौंडकं ऐकलं, मान थांबली,
मग कपाळाला आठी.
पुन्हा मागं घ्यायला लावलं.
पुन्हा.
हेडफोन काढला, जिन्याकडं पळाले:

"बेअरिंग गेलंय की ओ त्याचं!
इतकी वर्सं शेजारी उभा हाय,
कधी ऐकूच आलं न्हाई."

हेडफोनवर ग्रीसची दोन बोटं राहिलीत.