कुठून आलात?

मार्सेयमध्ये बाबाला तीस वर्षं
एकच प्रश्न विचारला गेला.
बँकेत, बेकरीत, पोलिसाने, वरच्या मजल्यावरच्या बाईने,
शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाटाणे वाढताना
सहा वर्षांच्या पोरांनीसुद्धा :
तुम्ही कुठून आलात?
तो म्हणायचा, स्वयंपाकघरातून,
आणि डाव पुढच्या ताटाकडे वळवायचा.

जानेवारीत तो ताप घेऊन दवाखान्यात गेला
तेव्हा मात्र कुणीच विचारलं नाही.
फ्लूची रांग दारापर्यंत होती.
पॅरासिटामॉल. भरपूर पाणी. पुढचा.

डिसेंबरात फुंबुनीला
आत्याच्या लेकाचं थोरलं लग्न होतं, अख्ख्या गावाचं.
प्रतिबंधक गोळ्या विम्यात बसत नाहीत,
त्या पैशात लाल-पांढरं शिरोमानी बसलं, आठ वार.
आई म्हणाली, निदान मच्छरदाणी तरी ने.
तो हसला : तिथले डास माझे भाचे लागतात.

भाच्यांनी ओळखलं असेलही.
रक्तच विसरलं होतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूर राहिलं की विसरतं ते,
लहानपणी शिकलेलं सगळं.
मी मान हलवली.
मला कोमोरी येते ती शिव्यांपुरती, आणि अजून वाढ म्हणण्यापुरती.

पाचव्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली.
त्याने दोनदा पाणी ओतलं, कुणाला सांगितलं नाही.
सहाव्या दिवशी डोळे पिवळे,
आणि मला तो मोइनाएशा म्हणू लागला.
मोइनाएशा त्याची आई.
ती मी जन्मायच्या आधीच गेली.
मग तो काहीच म्हणेना.

लॅबमधला पोरगा रात्री स्वतः वर आला, धापा टाकत.
शंभरातल्या अकरा पेशींत, म्हणाला,
बारीक बारीक अंगठ्या.
लग्नाहून काय काय आणलं होतं बाबाने!
लवंगा, व्हॅनिला, इलांग-इलांगची बाटली,
आणि ह्या,
कस्टमवाल्यांनी बॅग तीनदा उचकटली तरी न सापडलेल्या.

मूत्रपिंडं थांबली.
आता एक यंत्र त्याचं रक्त बाहेर नेतं,
धुतं, परत आणतं,
जसा तो दर दोन वर्षांनी जाऊन यायचा.

आज नववा दिवस. त्याने डोळे उघडले.
नर्स वाकून मोठ्याने विचारते,
मस्यो सोइलिही, तुम्ही कुठे आहात, सांगता येईल?
तिच्या हातात फॉर्म आहे. बरोबर उत्तराला एक गुण.

ओठ हलतात.
ती थांबते.
मी अजून बॅग उघडलेली नाही,
घरभर लवंगांचा वास आहे.