दाब किती?

शलाका सुट्टीला आली की लॅपटॉप गच्चीवर आणते,
पाण्याच्या टाकीवर ठेवते,
आणि दांडिया बाजारच्या तारांत अडकलेल्या
उत्तरायणातल्या पतंगाखाली
मला एक चकती दाखवते.
मधोमध कोवळा तारा, भोवती वायू, वायूत कडी.
मला ती पंपाच्या गॅस्केटसारखी वाटते.
तसं म्हणतो. ती हसते, नाही म्हणत नाही.

मग ती नावं घेते.
मिथेनॉल. फॉर्मल्डिहाइड. हायड्रोजन सायनाइड.
बायको जिन्यातच थबकते :
तिन्हीसांजेला कसली नावं काढता!
मी मात्र खुर्ची पुढे ओढतो.
छाणीच्या पलीकडे, खताच्या कारखान्यात
एकतीस वर्षं पाळ्या केल्या मी
अमोनियाच्या कन्व्हर्टरपाशी.
ह्यातल्या निम्म्यांशी माझी बोलचाल आहे.

अमोनिया?
आहे बाबा. थोडा, पण आहे.

तोंडातून सवयीनं निघतं :
दाब किती?
तापमान?
कॅटॅलिस्ट कुठला?

आमच्याकडे दोनशे बार, साडेचारशे डिग्री,
आणि लोखंडाचे दाणे, फार लाडाचे,
चिमूटभर गंधकानं रुसणारे.
इतका धाकदपटशा केल्यावर कुठं
नायट्रोजन आपल्या जोडीदाराचा हात सोडायचा.

दाब नाहीच, ती म्हणते. जवळजवळ पोकळी.
शून्याखाली अडीचशे.
धुळीचा एक कण, त्यावर बर्फाची साय.
एक सुटा नायट्रोजन येऊन टेकतो.
मग कधीतरी एक हायड्रोजन.
मग कधीतरी दुसरा.
मग तिसरा.

आणि मधल्या वेळात?
मधल्या वेळात काही नाही.

ती पुढची आकृती उघडते. एक तुटक रेघ.
इथून पुढे कार्बन मोनॉक्साइड गोठून धुळीवर बसतो,
आमच्या दुर्बिणीला दिसेनासा होतो.
पण त्याच्यापुढं न टिकणारा एक रेणू
नेमका इथंच डोकं वर काढतो.
त्यावरून कळतं, तो कुठं नाही ते.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात व्हॉल्व्हचा ग्लँड उडाला.
ओला पंचा नाकाला, वाऱ्याला आडवे पळालो.
फाटकापाशी हजेरी झाली :
गोहिल, हां. शिर्के, हजर. मकवाणा, हाजर.
परमार.
परमार.
माझं नाक त्या रात्री गेलं.
फोडणी करपली की अजून बायकोच सांगते.
हे मी शलाकाला सांगितलेलं नाही.
ती तेव्हा दोन वर्षांची होती.

तिथं वास येत असेल का गं?
घ्यायला कोणी नाही, बाबा.
हं.

ती खाली जेवायला जाते. मी थांबतो.
बाजव्याकडे चिमणीचा लाल दिवा लागलाय.
खिशातल्या जुन्या डायरीत, तारीख घालून,
लॉगशीटच्या रकान्यांत लिहितो :

दाब : जवळजवळ नाही.
तापमान : वजा दोनशे पन्नास.
हायड्रोजन : दोन आले, तिसरा यायचाय.
रिलीव्हर आलेला नाही.
पाळी सोडलेली नाही.